चौथ्या बाजूचे पाणी

बालाजी घाट, काशी
फाल्गुन वद्य पंचमी (तुमच्या पंचांगाने, आमच्या दूधवाल्याचा चैत्र लागला)

विद्वद्वर्य ढुंढिराजशास्त्री यांसी वासुदेवाचे वयाच्या अधिकाराने आशीर्वाद आणि विद्येच्या धाकाने नमस्कार. दोन्हींपैकी सोयीचे वाटेल ते ठेवून घ्यावे. पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ घातलेली नाही, ती विसरून नव्हे. सुतक कधीच फिटले, पण गोपीनाथच्या सख्ख्या भावाला लिहिताना हात तिथे वळत नाही. तुमचे गुडघे शस्त्रक्रियेनंतर कसे आहेत? (गोपीनाथ म्हणायचा, धाकट्याचे गुडघे संध्येला बसून गेले आणि माझे सायकलीने राहिले. हे तो तुमच्या माघारी म्हणायचा असे नाही, तुम्ही समोर असतानाही म्हणायचा. तुम्ही तेव्हा डोळे मिटून असायचात.) नाशिकची थंडी ओसरली असेल. येथे सकाळी अजून शाल लागते आणि दुपारी कुठे ठेवली ते आठवत नाही. येथील सर्व क्षेम आहे असे लिहिण्याचा प्रघात आहे म्हणून लिहितो. ते खरे नाही. हे सारे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला मुद्द्यावर येता येत नाही. (कागदावरही येत नाही, पण कागद मधेच ‘हॅलो, हॅलो’ करीत नाही.)

तर मुद्दा. गोपीनाथ गेला हे तुम्हाला त्याच दिवशी कळले. कसा गेला हेही तुमच्या पुतणीने, वीणाने, भोपाळहून तुम्हाला सांगितले असेल. कुठे गेला हा प्रश्न राहिला आहे. स्वर्ग-नरकाच्या अर्थाने नव्हे, भूगोलाच्या अर्थाने. काशीत मेला तो सुटला, आणि गंगेच्या पलीकडे रामनगरच्या काठावर मेला तो पुढच्या जन्मी गाढव झाला, हे आपल्याकडे तुमच्यासारख्या शास्त्र्यापासून भाजीवालीपर्यंत सर्वांना पाठ आहे. लहानपणी आपण पलीकडे पोहत जायचो तेव्हा तुमच्या मातोश्री काठावरून ओरडायच्या की तिकडे बुडू नका, बुडायचे तर इकडे येऊन बुडा. गोपीनाथ तिकडे गेला की इकडे, हे कोणालाच नक्की सांगता येत नाही, कारण तो मधे गेला. आणि प्रभावतीवहिनींना ते नक्की हवे आहे. तुम्हाला त्यांचा नेम ठाऊक आहे. क्षेत्रसंन्यास घेतल्यापासून त्यांनी काशीची हद्द ओलांडलेली नाही. वीणाच्या दोन्ही बाळंतपणांना भोपाळला गेल्या नाहीत, वीणाच इथे आली आणि गल्लीतल्या सांडाला भिऊन खिडकीशी बसून राहिली. काशीत मरायचे आणि सुटायचे, दोघांनी बरोबर, असा त्यांचा हिशेब होता. (गोपीनाथचा नव्हता. ‘तू सूट, मी येतोच जरा फिरून,’ असे तो म्हणायचा.) आता त्यांचे म्हणणे सरळ आहे. ते इकडे गेले असतील तर मी इथेच राहीन. तिकडे गेले असतील तर एकटी सुटून मी काय करू? मग मीही रामनगरला जाऊन राहते आणि तिथेच मरते.

शास्त्रीबोवा, हे त्या रडत म्हणाल्या नाहीत. शेंगा सोलत म्हणाल्या. त्यामुळे मला भीती वाटते. रामनगरला त्यांनी खोलीही बघायला सांगितली आहे. (माझी कमल गेल्यापासून माझा दुपारचा भात तुमच्या भावाच्या घरी आहे. हे कंसात लिहितो, कारण ते मुद्द्यात घेतले तर स्वार्थ दिसेल.)

आता पहिल्यापासून सांगतो. मंगला गौरीच्या गल्लीतला विश्वेश्वर तुम्हाला आठवणार नाही, त्याचे वडील आठवतील, ते भांग न घेता भांग घेतल्यासारखे बोलायचे. या विश्वेश्वराने यंदा नदीतल्या टापूवर सायकलींचा धंदा काढला. दिवाळीनंतर पाणी उतरले की रामनगरच्या अलीकडे जी रेती वर येते, तिच्यावर त्याने दोरखंड बांधून वाटा आखल्या, सरपताच्या उंच गवतातून वळणे काढली, आणि नावेच्या धक्क्यावर पाटी लावली, ‘द्वीप-दर्शन माउंटन बाइक ट्रेल’. माउंटन कुठे आहे असे मी विचारले. तर वाळू उपसणारे जे ढिगारे टाकून गेले होते ते त्याने दाखवले आणि म्हणाला, गुरुजी, हिमालयपण समुद्रातूनच वर आला, तुम्हीच शिकवलं होतं. मी शिकवले होते. शिकवलेले कोणी लक्षात ठेवील अशी आपली अपेक्षा नसते.

गोपीनाथला त्या सायकलींनी वेड लावले. आयुष्यभर तो रेल्वेच्या पार्सल ऑफिसात सायकलवरून गेला, पण त्या सायकलीला एकच वेग होता आणि तोही साहेबाला बघून ठरायचा. या सायकलीला सात-आठ वेग, जाड दातेरी टायर, पुढे स्प्रिंगा. तो म्हणाला, वासुदेव, जन्म काशीत काढला आणि काशी समोरून कधी निवांत पाहिली नाही, चल. मी चाललो कारण मला बेट बघायचे होते. चौथीत दामले गुरुजींनी स्वतः रचलेली कविता तुमच्याही वर्गाला घातली असणार:

नदीमधोमध वाळूचे बेट,
वाट तयाची जाई थेट;
पाखरांच्या तेथे शाळा,
सुट्टी त्यांना तिन्ही काळा.

मी ती अजूनही म्हटली की मला खडूचा वास येतो. गोपीनाथने ती कविता चौथीतच मोडीत काढली होती. बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी. मग थेट वाट जाईलच कशी? ‘थेट’ हे ‘बेट’ला जुळवायला आणलंय, गुरुजींकडे दुसरा शब्द नव्हता. या शंकेबद्दल त्याने गुरुजींची पट्टी खाल्ली. तेव्हा मला पट्टीचे वाईट वाटले होते. आज शंकेचे वाटते, कारण सगळे घोडे तिथेच अडले आहे.

माघ शुद्ध पक्ष होता. (तुमच्याकडेही माघ, आमच्याकडेही माघ, एवढ्या एका गोष्टीवर वाद नाही.) दिनानाथ नाववाल्याने आम्हाला पलीकडे घातले. धुके उठत होते, सरपताच्या पात्यांवर दव होते, आणि पांढऱ्या पाखरांचा एक थवा वाळूवर खरोखर शाळेसारखा ओळीने बसला होता. तेथून काशी अशी दिसते की आपण तिच्यात राहतो यावर विश्वास बसत नाही. घाटांची ती अर्धी कंकणाकृती ओळ, उन्हाने एकेक पायरी उजळत जाते. गोपीनाथने बालाजी घाट शोधला, मग आपले घर शोधले, मग गच्चीवर वाळत घातलेले वहिनींचे हिरवे लुगडे शोधले, आणि म्हणाला, बघ, हिने निशाण लावून ठेवलंय, म्हणजे मी परत येताना चुकायला नको. मग आम्ही चाललो. मी जास्त वेळ सायकल हातात धरून चाललो, तो जास्त वेळ बसून. ककडीच्या वाड्यांमधून, काठाकाठाने, अशी ती वाट नदीच्या तिन्ही अंगांनी जाते. चौथ्या अंगाला जात नाही, याकडे त्या दिवशी माझे लक्ष गेले नाही.

शेवटी तो ढिगारा आला. विश्वेश्वर खाली उभा राहून ओरडला, “चचा, रस्ता खाली हौ, आवा.” गोपीनाथने वरून बघितले आणि मला मराठीत म्हणाला, “रस्ता खाली आहे हे मलाही दिसतंय. म्हणून तर भीती वाटते.” आणि हसत हसत उतरला. पडला नाही, शास्त्रीबोवा. लोक पडला म्हणतात ते खोटे आहे. व्यवस्थित ब्रेक दाबून उतरला, सायकल ढिगाऱ्याला टेकवून ठेवली, तिचे पुढचे चाक सरळ केले, आणि वाळूत बसला. मी धापा टाकीत पोचलो तोवर रंग गेलेला होता. पूर्वेकडे तोंड होते. एकच शब्द बोलला, ‘पाणी’. मी बाटली उघडली, तोंडात पाणी घातले, ते तसेच बाहेर आले.

आम्ही त्याला नावेत घातले. दिनानाथ प्रेत नेणार नाही म्हणून मी घाबरलो होतो, पण त्याने गोपीनाथकडे बघितले, गमछा त्याच्या तोंडावर उन्हासाठी टाकावा तसा टाकला, आणि म्हणाला, “चचा सूतल हउवन.” आणि वल्ही मारू लागला. त्यामुळे अधिकृतपणे तुमचा भाऊ आपल्या घाटाला लागेपर्यंत झोपलेला होता. पुढे डॉक्टरांनी उठवून पाहिले. ही माझी पहिली सबब, आणि मी ती वहिनींना सांगितली. त्या म्हणाल्या, “भावजी, झोपेत ते घोरतात. घोरले का?”

दहन मणिकर्णिकेवर झाले, त्यात कमी पडू दिले नाही. पण वहिनींच्या मते जाळण्याची जागा लाकूडवाला ठरवतो, मरण्याची विश्वनाथ; मोजायची ती दुसरी. तुमच्या एका जुन्या प्रवचनातले मला आठवत होते की भाद्रपदात पुराचे पाणी जिथवर चढते तिथवर सगळा गंगेचा गर्भ, म्हणजे ती गंगाच. आणि तो टापू तर भाद्रपदात दोन पुरुष पाण्याखाली असतो. हे मी मोठ्या उमेदीने जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, तुमचे प्रवचन आहे म्हणून हातातले कामही थांबवले. मग म्हणाल्या, “ते भाद्रपदात गेले नाहीत. माघात गेले. माघात तिथे काय होतं ते सांगा.” अखेर एवढे ठरले की ती जागा माघात बेट असेल, चारी बाजूंनी गंगा वाहत असेल, तर तो गंगेच्या पोटात गेला असे त्या मानतील. आणि पलीकडच्या काठाला ती जमिनीने चिकटलेली असेल, तर तो काठ. मग गाढव.

चाळीस वर्षे मी पोरांना चारी बाजूंनी पाणी असलेल्या भूभागास बेट म्हणतात हे घोकून घेतले. स्वतः चारी बाजू बघायला एकदाही गेलो नव्हतो. म्हणून परवा गेलो. विश्वेश्वर मला सायकल देईना. (“गुरुजी, धंदा आधीच बसलाय, तुम्ही आणखी बसू नका.”) मी म्हटले, तुझ्या पाटीवर द्वीप लिहिले आहे, ते खरे ठरवायला चाललो आहे. तेव्हा दिली. माझ्या टोपीवर हेल्मेट बसेना आणि हेल्मेटवर टोपी बसेना; शेवटी टोपी खिशात ठेवून उघड्या डोक्यावर ते मडके घातले. धोतराचा सोगा साखळीत जाऊ नये म्हणून दोन्ही पायांना सुतळी बांधली. असा मी त्या निसर्गरम्य वाटेने निघालो आणि रस्ता कळेल अशा वेगात तिन्ही बाजू पाहून घेतल्या. उत्तरेला पाणी, पश्चिमेला पाणी, दक्षिणेला पाणी. मनात कविता चालू होती. मग दोरखंड संपला, वाट संपली, आणि मी पूर्वेकडे सरपतात शिरलो.

तिथे सायकल चालत नाही, आपण तिला चालवतो. सगळे वेग मी बदलून पाहिले, त्यातला एकही वाळूला कळत नाही. साखळी निघाली ती मी बसवली, मग माझी सुतळी निघाली ती साखळीने बसवून घेतली आणि मी सोग्यासकट आडवा झालो. उठून बघतो तर समोर ककडीवाले चार-पाच जण उभे. डोक्यावर मडके घालून जमीन निरखत फिरणारा माणूस म्हणजे लेखपाल, आपल्याकडचा तलाठी, अशी त्यांची खात्री पटलेली. मी विचारले, भाई, ये टापू है कि नहीं? बस. तेवढे पुरले. टापू ठरला तर जमीन सरकारची होते आणि वाड्या उठतात, हे मला मागाहून समजले. त्यांतला एक म्हातारा, माझ्याच वयाचा, काठी टेकून म्हणाला, “ई टापू ना हौ. कब्बो ना रहल. हमार आजा पैदले आवत रहलन.” म्हणजे हे बेट नाही, कधी नव्हतेच, त्याचे आजोबासुद्धा इथे पायी यायचे. मी म्हटले, बाबा, एक माणूस गाढव होतोय. तो म्हणाला, त होए दा, मग होऊ दे. आणि मला देठासकट एक ककडी दिली, ती लेखपालाला देतात तशी. मी घेतली. नाही म्हटले असते तर संशय वाढला असता.

तिथून पुढे म्हशी होत्या आणि म्हशींच्या पुढे ती चौथी बाजू. शास्त्रीबोवा, तिथे पाणी आहे. मी या डोळ्यांनी पाहिले. लांबोळका, हिरवट, शेवाळलेला असा एक पट्टा रामनगरच्या काठापासून या रेतीला वेगळा करत गेला आहे. वाहते आहे का, असे विचाराल तर मी त्यात गवताची काडी टाकून बराच वेळ बसलो. काडी विचार करत राहिली. खोली बघावी म्हणून सायकल आत घातली तर पुढचे चाक आसापर्यंत रुतले, पाठोपाठ माझा एक पाय. आणि त्या चिखलात उभा असताना मला एकदम सुचले की गोपीनाथ ढिगाऱ्याशी बसला तेव्हा त्याचे तोंड इकडेच होते. सगळे म्हणतात त्याला तहान लागली होती. पण त्याने पाणी ‘मागितले’ असे मला कोणी सिद्ध करून दाखवावे. त्याने पाणी पाहिले आणि सांगितले. चौथीतली शंका त्याची होती. उत्तरही त्यानेच द्यावे यात नवल ते काय? हे मी घरी येऊन वहिनींना सांगितले तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच मला खोडून काढले नाही. मग हळू आवाजात म्हणाल्या, “तहान लागली की ते चहा मागायचे. पाणी उभ्या जन्मात मागितलं नाही.” मला वाटले, जिंकलो.

पण मग त्यांचे लक्ष दारातल्या माझ्या वहाणांकडे गेले. एक ओली, चिखलाने भरलेली. एक कोरडी. “भावजी,” म्हणाल्या, “चारी बाजूंना पाणी असतं तर दोन्ही भिजल्या असत्या. तुमच्या पायांचंसुद्धा एकमत नाही.”

तर असे आहे. थंडी सांभाळावी, गुडघ्यांना तेल लावावे, आणि नदीतल्या पाखरांनी विचारले आहे असे समजून माझा नमस्कार पुन्हा एकदा घ्यावा. कविता आठवत असेल तर शेवटचे कडवे लिहून पाठवावे. मला चारच ओळी येतात आणि पुढे बेटाचे काय होते ते आठवत नाही.

तुमचा,
वासुदेव

ता. क. वर ‘पाणी आहे’ असे लिहिले आहे ते खरेच आहे. ते सलग आहे असे मी कुठेही लिहिलेले नाही, हे तुमच्यासारख्या शब्दावर बारीक नजर ठेवणाऱ्याच्या लक्षात आले असेल. उत्तरेच्या टोकाला तो पट्टा आटून म्हशींच्या खुरांत उरला आहे, आणि तिथून मी सायकल हातात धरून पलीकडे गेलो व परत आलो. कोरडी वहाण ती. मात्र हे परवाचे. माघात तिथे काय होते ते ककडीवाले आणि विश्वेश्वर दोघेही शपथेवर सांगतात, आणि दोघांच्या शपथा उलट आहेत. खुरातले पाणीही गंगेचेच ना? शास्त्रात खुराएवढ्या पाण्याला काही मान असेल तर शोधावा.

ता. क. चे ता. क. निर्णय तुम्हीच द्यायचा आहे, त्यासाठीच हे सगळे लिहिले. पत्र माझ्या नावे पाठवू नका, सौ.—(लिहून गेलो, खोडत नाही)—प्रभावतीवहिनींच्या नावे पाठवा. संस्कृत चालेल, पण शेवटी मराठीत एका ओळीत ‘ते बेट होते’ असे ठळक अक्षरांत यावे. त्यांचे डोळे अधू झाले आहेत. निर्णय विरुद्ध जात असेल तर पाठवू नका. टपाल हरवले असे आम्ही समजू, हल्ली हरवतेच. त्यांच्याखेरीज माझ्याशी मराठीत भांडणारे या घाटावर आता कोणी नाही.

आणखी थोडे. पत्र पाकिटात घातले होते ते पुन्हा काढले. निर्णयाची घाई करू नका, आणि पाठवाल तेव्हा पत्ता विचारून घ्या. आज दुपारी रामनगरच्या घरमालकाचा फोन आला. दोन खोल्या आहेत, समोरासमोर, मध्ये कच्चे अंगण. बोलणे मी लाऊडस्पीकरवर लावून दिले होते. त्याने विचारले, माणसे किती. वहिनींनी माझ्याकडे बघितले. मी भात कालवत होतो, मान वर केली नाही. त्या म्हणाल्या, दोन. मग त्याने विचारले, काही जनावर वगैरे ठेवणार का? वहिनी म्हणाल्या, सध्या नाही.